वायरीला हात लावू नका

माझ्यावर सगळ्यांत जास्त ऋण आहे ते माझ्या वहिनींचं. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो माझ्या नावाचा, आणि तो वहिनींमुळे आला. हे मी कुणालाही आनंदानं सांगतो. पण त्याच वहिनींच्या पदवीच्या आड मी कसा आलो, हे मी आजवर घराबाहेर कुणाला नीट सांगितलेलं नाही. ते सांगायचं म्हणून लिहायला बसलो आहे.

आमचं गाव कवठे महांकाळ तालुक्यात. घराभोवती द्राक्षबाग आणि घराला लागूनच बेदाण्याचं शेड. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, फौजेत गेला तेव्हा मी सातवीत होतो. मी नववीत असताना त्याचं लग्न झालं आणि वहिनी मिरजेहून आमच्याकडे आल्या. त्यांचे वडील तिथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. वहिनी बारावी शास्त्र शाखेतून चांगल्या मार्कांनी पास झालेल्या. पुढं शिकायचं ठरलंही होतं, तेवढ्यात दादाचं स्थळ आलं.

दादाची रजा संपली की वर्षाचे दहा महिने वहिनी आमच्यातच. माझं इंग्रजी इतकं कच्चं होतं की मी निबंध पाठ करून जायचो आणि पेपरात विषय बदलला की पाठ केलेलाच निबंध उतरवून यायचो. वहिनी चुलीपुढं भाकरी थापता थापता मला शिकवायच्या. भाकरी तव्यावर टाकली की म्हणायच्या, "ही भाजून होईस्तवर पाच वाक्यं करा भाऊजी. करपली तर तुमीच खायची." दहावीपर्यंत मी बऱ्याच करपलेल्या भाकरी खाल्ल्या.

बारावीनंतर मीही भरतीला जायचं, असं आबांनी म्हणजे माझ्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं. एका सकाळी वहिनी सोप्याच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मामंजी, एकजण फौजेत हाय की. ह्यांना सांगलीला कॉलेजात घाला."

"अन् नापास झाला तर?"

"तर मला बोला."

सुनेनं असं समोर उभं राहून बोलणं आमच्या घरात नवीन होतं. आबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझी ट्रंक बांधायला सुतळी आणली ती मात्र आबांनीच.

मी सांगलीत बीएस्सी झालो आणि पुढं साताऱ्यात एका कॉलेजच्या ऑफिसात लागलो. विद्यार्थ्यांचे ऑनलाइन अर्ज, याद्या, निकाल ही माझी कामं. ऑफिसात कॉम्प्युटर अडला की आधी मला हाक मारतात. गावाकडं तर याचं फारच मोठं नाव झालं. शेजारच्या घरात टीव्ही बंद पडला तरी आबा म्हणायचे, "आमचा येतोय रविवारी, तो बघंल." मला ते आवडायचं. एवढं खरं सांगतो.

दादा अजून फौजेतच होता. त्याची मुलगी, माझी पुतणी, नर्सिंग शिकायला मिरजेला गेली आणि वहिनींनी बाहेरून बीएला बसायचं ठरवलं. आबांनी हो म्हटलं, पण अट घालून. "घरच्या कामाचा खोळंबा नको. अन् तुझ्या परीक्षेपायी कुणाला धावपळ नको." वहिनींनी दोन वर्षं ती अट पाळली. पहाटेचं धारेचं काम, दुपारी शेडवर बायकांबरोबर बेदाणा निवडणं, सगळं सांभाळून त्या पास होत गेल्या. तिसऱ्या, शेवटच्या वर्षाला कोरोनामुळे पेपर घरूनच, कॉम्प्युटरपुढं कॅमेरा लावून द्यायचा होता.

मी माझा जुना कॉम्प्युटर गावी नेऊन दिला. सोप्यावर सतत माणसांचा राबता, म्हणून तो मागच्या खोलीत मांडला. इंटरनेटचा डबा सोप्यातल्या भिंतीवर होता. जुन्या कॉम्प्युटरला वायफाय नव्हतं, म्हणून तिथून लांब वायर ओढून खिडकीतून मागच्या खोलीत आणली आणि कॉम्प्युटरला जोडली. त्या खोलीची एक भिंत शेडच्या धुरीच्या खोलीला लागून आहे. बेदाण्याला पिवळा, चकचकीत रंग यावा म्हणून बंद खोलीत गंधक जाळून धूर देतात, ती धुरी. लहानपणापासून त्या वासात वाढल्यामुळे मला तो वास आता येतही नाही.

फेब्रुवारीअखेरीला वहिनींचे फोन सुरू झाले.

"भाऊजी, सकाळधरनं तिसऱ्यांदा गेलं बघा. येतंय, परत जातंय."

"मोबाइलवर चालतंय का?"

"मोबाइलवर झकास चालतंय. मामंजी कीर्तन बघत बसल्यात."

त्याच डब्याच्या वायफायवर मोबाइल चालतोय म्हणजे लाइन चांगली आहे, डबाही चांगला आहे. इथपर्यंत माझा विचार बरोबर होता. त्यापुढं मी असं धरलं की मग कॉम्प्युटर वापरण्यातच काहीतरी चुकत असणार, आणि वापरणारं माणूस एकच होतं. मी त्यांना कॉम्प्युटर बंद-चालू करायला सांगितलं. सेटिंगमध्ये कुठं जायचं, काय दाबायचं ते सांगितलं. त्यांनी एका वहीत सगळं ओळीनं लिहून घेतलं आणि तसंच केलं. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी परत तेच.

मग एकदा त्या म्हणाल्या, "मी एक करते, सांगू का? वायरीचं टोक मागनं काढते, पदरानं पुसते अन् परत बसवते. मग दीसभर चालतंय."

आमच्या ऑफिसात वायर सारखी काढून-घालून टोकाची क्लिप मोडलेली मी पाहिली होती. मी जरा आवाज चढवूनच बोललो. "वहिनी, वायरीला हात लावू नका. तुम्ही ती सारखी काढताय म्हणूनच ती सैल पडतीय. त्यात पुसण्यासारखं काय असतं? ती काय समई आहे?"

"समईच म्हणायची," त्या म्हणाल्या. "धुरीच्या दिवसांत त्या खोलीत समई ठिवली तर आठवड्यात काळी पडती."

"इंटरनेट काळं पडत नसतं, वहिनी."

त्या हसल्या. मीही हसलो. त्यांनी माझं म्हणणं मान्य केल्यासारखं ते हसणं होतं, आणि मी तेवढ्यावर खूश झालो.

प्रवासाला निर्बंध लागायच्या आधीच्या एका रविवारी मी मोटारसायकलवर साताऱ्याहून गावी गेलो. चार तास त्या कॉम्प्युटरपुढं बसलो. जुनी सॉफ्टवेअरं काढली, नवी घातली, नेटवर्कची सगळी मांडणी पुसून परत केली. मधल्या वेळात मी स्वतः दोनदा ती वायर मागून काढली आणि परत बसवली. सगळं सुरळीत चालू झालं. मला वाटलं, ते माझ्या चार तासांमुळे झालं. वायर काढून बसवल्यामुळे झालं असेल हे माझ्या मनातही आलं नाही, कारण ते काम वहिनीही करत होत्या.

आबांनी विचारलं, "घावलं का?"

"घावलं. सॉफ्टवेअरात घोळ होता."

आबा शेजारच्यांना म्हणाले, "चार तास बसला गडी, पर काढला दोष." शेजारी म्हणाले, "शिकल्यालं माणूस घरात पायजे बघा."

निघताना मी वायरीच्या टोकावर काळी चिकटपट्टी गुंडाळली, ती थेट कॉम्प्युटरच्या पाठीपर्यंत. वहिनींना दाखवून म्हणालो, "आता ही निघणार नाही. आणि काढायचीही नाही." त्यांनी मान हलवली.

मे महिन्यात परीक्षा सुरू झाली. पहिले पाच पेपर आठ दिवसांत निर्विघ्न झाले. त्यानंतर पाच दिवसांची सुटी आणि शेवटचा अर्थशास्त्राचा पेपर. महिनाभर बंद असलेली धुरी त्या पाच दिवसांत शेडमधल्या शेवटच्या मालाला पुन्हा दिली गेली. हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी मी त्याचा काही अर्थ लावला नसता.

पेपर दुपारी तीन ते चार होता. तीन वाजून बारा मिनिटांनी माझा फोन वाजला. मी ऑफिसात टेबलाशी होतो.

"भाऊजी, गेलं," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "चौदा प्रश्न झाल्यात."

"स्क्रीनवर काय आलंय?"

त्यांनी इंग्रजी नीट वाचून दाखवलं. नेटवर्क केबल अनप्लग्ड. मग म्हणाल्या, "वायर निघाली म्हणतंय. काढून परत बसवू का?"

"नको. वायर निघालेली नाही, मी पट्टी मारलीय. ते तसंच काहीतरी दाखवतं. तुम्ही आधी कॉम्प्युटर बंद करून चालू करा."

मशीन जुनं. बंद होऊन परत चालू व्हायला सात-आठ मिनिटं गेली. मग मी सेटिंगमध्ये नेलं. मग दुसऱ्या सेटिंगमध्ये. मी सांगत होतो ते प्रत्येक पाऊल त्या परत उच्चारत होत्या, म्हणजे ऐकण्यात चूक होऊ नये. साडेतीनला त्यांनी पुन्हा विचारलं, "एकडाव वायर काढून बघू का? पट्टी परत लावीन."

"वहिनी, मी सांगतोय ना," मी म्हणालो.

त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. बराच वेळ फोनवर फक्त माऊसचा टकटक आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, "चार वाजले."

मोबाइल वायरीनं कॉम्प्युटरला जोडून त्याचं इंटरनेट वापरता आलं असतं, हे मला सुचलं तेव्हा पाच वाजून गेले होते. ही गोष्ट मी आमच्या कॉलेजातल्या कितीतरी विद्यार्थ्यांना सांगितलेली आहे.

संध्याकाळी आबांचा फोन आला. आमच्या घरी फोन नेहमी स्पीकरवर असतो, म्हणजे आई, वहिनी, कुणी शेजारी असेल तर तोही, सगळे ऐकत असणार.

"काय झालं रं नक्की? मशीनचा दोष हाय का तिचा?"

आबांचा प्रश्न सरळ होता. घरात पदवीधर मी एकटा, त्यामुळे अशा गोष्टीत माझं बोलणं म्हणजे निकाल. मी म्हणालो, "मशीन तर मी स्वतः नीट करून आलो होतो, आबा."

मी वहिनींचं नाव घेतलं नाही. पण माझ्या त्या वाक्यातून दुसरं काही निघत नव्हतं, आणि ते मला बोलतानाच माहीत होतं.

"मग झालं," आबा म्हणाले. "बास आता. संसाराच्या बाईनं एवढं केलं तेच लय झालं."

मागून वहिनींचा आवाज आला, "व्हय मामंजी, माझ्याच हातनं कायतरी दाबलं गेलं असंल." त्यांनी ते आबांना शांत करायला म्हटलं असं मी स्वतःला सांगितलं. पण मला त्यांचा आवाज कळतो. त्यांना ते खरं वाटत होतं. स्वतः रोज पाहिलेल्या गोष्टीपेक्षा त्यांनी माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला होता.

राहिलेला पेपर पुन्हा देता येणार होता. वहिनींनी त्याबद्दल काहीच विचारलं नाही.

बेंदराच्या सणाला मी गावी गेलो. कॉम्प्युटरवर जुनी ओढणी टाकलेली होती. आबा म्हणाले, "पडून हाय. घेऊन जा तू." मला ऑफिसची कामं घरी करायला तो हवाच होता. मी मागच्या खोलीत जाऊन एकेक वायर सोडवायला लागलो. शेवटी इंटरनेटच्या वायरीची चिकटपट्टी सोलली आणि टोक बाहेर काढलं.

त्या टोकात आठ बारीक पट्ट्या असतात, नव्या असताना सोन्यासारख्या पिवळ्या. त्या काळ्या-हिरव्या झालेल्या होत्या. टॉर्च मारून कॉम्प्युटरच्या खाचेत पाहिलं, तिथंही तसंच. गंधकाचा धूर भिंतीच्या फटीतून वर्षानुवर्षं त्या खोलीत येतो. तिथं पितळ काळं पडतं तसं हेही पडलं होतं. काढून पुसलं की एखाद-दोन दिवस संपर्क जुळायचा, परत तुटायचा. वहिनी जे करत होत्या तो तात्पुरता का होईना, पण खरा उपाय होता, आणि मी त्यावर पट्टी मारली होती.

कपाटात एक खोडरबर सापडला. त्यानं मी पट्ट्या घासल्या, खाचेत काडीला कापड गुंडाळून फिरवलं, कॉम्प्युटर परत जोडून चालू केला आणि वायर बसवली. लगेच इंटरनेट चालू झालं. मी दहा वेळा तपासलं, दहाही वेळा चाललं.

वहिनी चहा घेऊन आल्या. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "चालू हाय वाटतं."

"हो."

"बरं झालं. न्या तिकडं, उपयोगी पडंल."

तेव्हा सांगायला हवं होतं. वायरीचं टोक माझ्या हातात होतं, खोडरबराचा काळा चुरा टेबलावर पडला होता. मी चहा प्यायलो आणि चुरा हातानं झाडून टाकला. सोप्यावर आबा आणि शेजारी बसले होते. त्यांच्यापुढं जाऊन "चूक माझी होती" म्हणायला माझी जीभ रेटली नाही. ज्या घरानं मला शहाणा म्हणून वाढवलं, त्याच घरात शहाणा म्हणून राहायची मला सवय लागली होती. कॉम्प्युटर खोक्यात भरून मी साताऱ्याला घेऊन आलो.

तीन आठवडे तो माझ्या टेबलावर व्यवस्थित चालला. एकदाही बंद पडला नाही. तो नीट चालतोय हे बघूनच मला जास्त त्रास व्हायचा. बायकोनं एकदा विचारलं, "एवढा चांगला आहे तर तिकडंच का नाही ठेवला?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

मी वहिनींना फोन केला. स्पीकर चालू होता, आबा जवळच होते. मी म्हणालो, "वहिनी, पेपराबद्दल बोलायचं होतं." त्या म्हणाल्या, "असू द्या की भाऊजी, झालं गेलं," आणि आईच्या गुडघेदुखीचं सांगायला लागल्या. फोनवर हे होणार नाही हे मला कळलं. दादाची पत्रं यायची तेव्हा वहिनी ती माडीवर एकट्या जाऊन वाचायच्या. मी पत्र लिहिलं. ते असं होतं.

वहिनी,

हे पत्र आधी एकट्या वाचा.

शेवटच्या पेपराला इंटरनेट गेलं ते तुमच्या हातून काही दाबलं गेल्यामुळे नाही. वायरीच्या टोकाच्या पट्ट्या धुरीच्या धुरानं काळ्या पडल्या होत्या. तुम्ही मला हे सांगितलं होतं आणि मी हसलो होतो. तुम्ही टोक काढून पुसत होता, तेच बरोबर होतं. त्या दिवशी तुम्ही दोनदा विचारलंत. मी दोन्ही वेळा नको म्हणालो. तेव्हा तुम्ही माझं ऐकलं नसतं तर पेपर पूर्ण झाला असता.

बेंदराच्या दिवशी मला हे कळलं. कळूनही मी गप्प बसलो, कारण आबांच्या आणि शेजाऱ्यांच्या पुढं माझी चूक सांगायची मला लाज वाटली. आबांनी दोष कुणाचा विचारल्यावर मी जे बोललो ते त्याहून वाईट होतं. तुम्ही माझ्यासाठी त्याच सोप्याच्या दाराशी उभं राहून बोलला होता. मला तुमच्यासाठी फोनवरसुद्धा एक वाक्य खरं बोलता आलं नाही.

रविवारी मी येतोय. कॉम्प्युटर आणतो आणि नवी वायरही. तो मागच्या खोलीत ठेवायचा नाही, सोप्यावर ठेवू. पेपराच्या तासाभरात माणसं बाहेर बसतील, ते मी बघतो. आबांना सगळं मी सांगणार आहे, आई आणि तुम्ही समोर असताना. शेजारी असले तर असू देत.

राहिलेल्या पेपराच्या अर्जाची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत आहे. तुमचा नंबर आणि पासवर्ड माझ्याकडे आहे, पण मी अर्ज भरलेला नाही. मागच्या वेळी तुमच्या वतीनं मीच सगळं ठरवत गेलो, तसं या वेळी करायचं नाही. भरायचा असेल तर आपण रविवारी बसून भरू, तुम्ही दाबायचं आणि मी शेजारी बसायचं. नको वाटत असेल तर मी आग्रह करणार नाही. पण नको म्हणायचं कारण 'मला जमलं नाही' हे असू नये. तुम्हाला जमत होतं.

सकाळच्या गाडीनं निघून दुपारपर्यंत पोचेन.

तुमचा धाकटा दीर